खोक्यातल्या चिठ्ठीचं अक्षर: कॅथलिक शाळा, कळवळा आणि एकत्र जगणं

खडूची_धूळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बावीस वर्षं मी कॅथलिक शाळांत शिकवते आहे. आमच्याकडे यंदा 'करुणा सप्ताह' करायचं घाटतंय आणि समितीत माझं नाव आहे. कामाला लागण्याआधी एक जुनी गोष्ट इथे लिहून काढते. ती सांगितल्याशिवाय मला पुढचं मांडता येणार नाही.

तेव्हा मी दुसऱ्या एका शाळेत होते. ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ चालू होता. प्रार्थना, उपवास आणि दानधर्माचे ते चाळीस दिवस. वर्गावर्गात एकेक मोठं खोकं ठेवलं होतं. मुलं वह्या, साबण, टॉवेल, लोकरीच्या टोप्या आणून टाकत होती. ज्याला खोकं मिळेल त्याच्यासाठी प्रत्येकाने एक चिठ्ठीही लिहायची होती. मुलांनी फार मनापासून लिहिल्या, मी स्वतः वाचल्या होत्या. मग ती खोकी 'परिसरातल्या गरजू कुटुंबांना' गेली. यादी कार्यालयाने केली होती.

पुढच्या सोमवारी शाळा सुटल्यावर सातवीतला एक मुलगा मागे रेंगाळला. वर्ग रिकामा झाल्यावर त्याने घडी केलेली एक चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली. "बाई, ही माझ्या बाकावरच्याची आहे. अक्षर ओळखलं मी. त्याला सांगू नका."

एवढंच बोलला आणि गेला. वर्षभर तो त्याच बाकावर, त्याच मित्राशेजारी बसला. मित्राला कधी कळलं नाही. चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. तिच्यात लिहिलंय, 'तू कोण आहेस मला माहीत नाही, पण मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो.'

यात कुणाच्याच मनात वाईट नव्हतं, आणि तेच मला आजही सलतं. आम्ही देणारे आणि घेणारे अशा दोन जाती मनात धरल्या होत्या आणि घेणारे शाळेच्या भिंतीपलीकडे कुठेतरी राहतात असं समजून चाललो होतो. ते एकाच बाकावर बसतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मराठी बायबलच्या नव्या करारात यासाठी 'कळवळा' हा शब्द येतो. येशूच्या बोधकथेत वाटेत पडलेल्या जखमी माणसाला पाहून शोमरोन्याला, म्हणजे परक्या जमातीच्या वाटसरूला, कळवळा आला. घर सोडून गेलेला मुलगा लांबून येताना दिसला तेव्हा बापाला कळवळा आला. शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकने दोन्ही ठिकाणी जे ग्रीक क्रियापद वापरलंय ते आतड्यांवरून आलेलं आहे. आपण 'पोटात कालवलं', 'आतडं तुटलं' म्हणतो, अगदी तसंच. हे फलक लावून आणि घोषवाक्य स्पर्धा घेऊन होणारं काम नाही, असं माझं मन सांगतं. पण मग समितीत नेमकं काय मागायचं, हे मला शब्दांत पकडता येत नाही. तुमच्या शाळांत काय झालं, काय फसलं, ते लिहाल का?

मधली_सुट्टी

ताई, चिठ्ठीची गोष्ट वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

मी सलेशियन, म्हणजे डॉन बॉस्को या इटालियन धर्मगुरूंनी स्थापलेल्या संघाच्या, शाळेत शिकलो आणि आता तशाच एका शाळेत खेळ शिकवतो, म्हणून डॉन बॉस्कोंबद्दल लिहितो. त्यांचं १० मे १८८४ चं रोमहून लिहिलेलं एक पत्र आहे. वयाची सत्तरी जवळ आली होती आणि तुरीनच्या आपल्या मुलांपासून ते लांब होते. पत्रात एका स्वप्नाचं वर्णन आहे. स्वप्नात त्यांना जुनं मैदान दिसतं. मुलं हसतायत, पळतायत आणि शिक्षक त्यांच्यात मिसळलेले आहेत. मग त्यांना तेव्हाचं मैदान दिसतं. मुलं कोपऱ्याकोपऱ्यात कंटाळून उभी आहेत आणि शिक्षक आपसात बोलत बाजूला फिरतायत. शिक्षकांचं मुलांवर प्रेम नाही असं ते म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की नुसतं प्रेम असून भागत नाही, आपल्यावर प्रेम आहे हे मुलांना कळायला हवं.

मधल्या सुट्टीतली वीस मिनिटं हीच मला शाळेची खरी परीक्षा वाटते. कोण एकटा भिंतीला टेकून उभा आहे, कोण संघ निवडताना रोज शेवटी उरतो, कोणाला सुट्टी सुरू झाली की ग्रंथालयाचं दार गाठावंसं वाटतं, हे मैदानात उभं राहिल्याशिवाय दिसत नाही. आमच्याकडे शिक्षकांची मैदानावर पाळी लागायची तेव्हा तिचं नाव 'देखरेख' होतं. डॉन बॉस्को त्याला 'सोबत' या अर्थाचा शब्द वापरायचे. नाव बदलून काही होत नाही, पण मी हातातली शिट्टी खिशात ठेवून मुलांबरोबर खेळायला लागलो तेव्हापासून मला निम्म्या भांडणांची कारणं आधीच कळतात.

जुनं_दप्तर

मला हा धागा वाचणं जड गेलं. तरी लिहितो, कारण माझ्यासारखे इथे आणखीही असतील.

मीही कॅथलिक शाळेत शिकलो. कुठली ते सांगणार नाही. फी थकली की नाव वर्गात मोठ्याने वाचलं जायचं आणि नाव आलेल्याने तासभर वर्गाबाहेर उभं राहायचं. एकदा आदल्याच तासाला दयाळू शोमरोन्याचा धडा झाला होता. बाहेर व्हरांड्यात उभा असताना जाणाऱ्या-येणाऱ्या शिक्षकांकडे मी बघत होतो. एकही थांबला नाही. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. त्या बोधकथेत जखमी माणसाला बघून पुढे निघून जाणारे याजक आणि लेवी, म्हणजे देवळातले धर्मसेवक, कोण असतात हे मला त्या दिवशी समजलं.

माझं दुःख त्यामानाने लहान आहे. आयर्लंडमध्ये चौकशी आयोगाचा अहवाल २००९ साली आला. धर्मसंघांनी चालवलेल्या निवासी संस्थांत मुलांवर दशकानुदशकं काय अत्याचार झाले ते त्यात नोंदलंय. कॅनडातल्या मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळांतल्या अन्यायाबद्दल पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२२ मध्ये तिथे जाऊन माफी मागितली. त्या सगळ्या ठिकाणी रोज प्रार्थना होत होती आणि करुणा हा शब्द भिंतींवर लिहिलेला असेलच.

म्हणून माझी विनंती आहे. सप्ताह करा किंवा करू नका, पण पहिला प्रश्न हा घ्या: तुमच्या शाळेत एखाद्या मुलाला मोठ्या माणसाविरुद्ध काही सांगायचं असेल, तर ते कुणाकडे जाईल? त्या माणसाचं नाव प्रत्येक मुलाला माहीत आहे का? आणि सांगितल्यावर त्या मुलाचं काय होतं?

खडूची_धूळ

दप्तरदादा, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. तुमचा प्रश्न समितीच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहिला आहे. खरं सांगते, आमच्या मुलांना ते नाव माहीत नाही. तक्रारपेटी आहे, पण ती मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी आहे. तिथे कोणतं मूल सगळ्यांदेखत चिठ्ठी टाकायला जाईल?

पेठेतला_वाचक

इतिहास माझ्या आवडीचा विषय, म्हणून थोडं लिहितो.

फी आणि गरिबी हा या शाळांच्या जन्माचाच प्रश्न आहे. संत जोसेफ कालासांझ यांनी १५९७ साली रोमच्या त्रास्तेवेरे भागात गरीब मुलांसाठी मोफत शाळा उघडली. पुढे १६८० च्या सुमारास फ्रान्समधल्या रांस शहरात ज्याँ-बाप्तीस्त द ला साल यांनी शिक्षकांचा एक गट जमवला, त्यातूनच ख्रिस्ती शाळांचे ब्रदर्स हा संघ उभा राहिला. ला साल श्रीमंत घरातले होते आणि त्यांच्याकडे चर्चमधलं मानाचं, उत्पन्नाचं पद होतं. शिक्षक त्यांना म्हणाले, तुम्हाला उद्याची चिंता नाही, आम्हाला आहे, मग देवावर भरवसा ठेवा असं आम्हाला कसं सांगता? त्यांनी १६८३ साली ते पद सोडलं आणि त्यानंतरच्या दुष्काळात आपली संपत्ती वाटून टाकली. पुढे १९५० साली पोप बारावे पायस यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलं.

मला यातलं सर्वांत महत्त्वाचं काय वाटतं, तर त्यांच्या शाळांची नियमपुस्तिका. १७२० साली ती छापली गेली. वर्गात कसं बसायचं, लेखणी कशी धरायची असलं सगळं बारीकसारीक तिच्यात आहे, आणि मुलं गैरहजर का राहतात यावर एक सबंध प्रकरण आहे. घरी काम करावं लागतं म्हणून, आईबापांचं लक्ष नाही म्हणून, शिक्षकाची भीती वाटते म्हणून, अशी कारणं शोधायची आणि प्रत्येकावर वेगळा उपाय करायचा. वर्गातल्याच काही मुलांवर आपापल्या गल्लीतल्या गैरहजर मुलांची चौकशी करण्याचं काम सोपवलेलं असायचं. म्हणजे तू आज आला नाहीस हे कुणाच्या तरी लक्षात आलंय, हे त्या मुलाला कळत होतं. आज आपल्याकडे गैरहजेरीचा संदेश यंत्रातून पालकांच्या फोनवर जातो.

दोन_लेकरांची_आई

मी ख्रिस्ती नाही. माझी दोन्ही मुलं कॅथलिक शाळेत आहेत आणि एकूण मी समाधानी आहे. पण एक शंका मनात आहे आणि ती विचारायला हीच जागा बरी वाटते. शाळा 'आपला समुदाय', 'आपलं कुटुंब' म्हणते तेव्हा त्यात आम्ही असतो का? की आम्ही पाहुणे? मुलीने मागच्या वर्षी विचारलं होतं, "प्रार्थनेला मी डोळे मिटते, पण माझ्या देवाचं नाव घेतलं तर चालेल का?" मला उत्तर देता आलं नाही.

किल्ल्यांचा_जुडगा

लेकरांच्या आई, तुमच्या प्रश्नापासून सुरुवात करते. अकरा वर्षं मी मुख्याध्यापिका होते, मी स्वतः कॅथलिक आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणावर जो जाहीरनामा काढला, त्यात कॅथलिक शाळांनी कुणाची विशेष काळजी घ्यावी ते सांगितलंय: जे गरीब आहेत, ज्यांना घरच्यांचा आधार आणि माया नाही आणि ज्यांची ख्रिस्तावर श्रद्धा नाही. तेव्हा तुम्ही पाहुण्या नाही, तुमचा उल्लेख घरच्या कागदपत्रांतच आहे. मुलीला सांगा, तिने तिच्या देवाचं नाव घ्यावं. माझ्या शाळेत कुणी तिला अडवलं असतं तर मी त्या शिक्षकाशी बोलले असते.

कागदपत्रांचा विषय निघालाच आहे तर समितीला दाखवण्यासारखी आणखी दोन आहेत. व्हॅटिकनच्या शिक्षण विभागाने १९७७ साली कॅथलिक शाळेवर एक दस्तऐवज काढला. त्यात स्पष्ट इशारा आहे, की या शाळा मुख्यतः सुस्थितीतल्या कुटुंबांकडे वळल्या तर त्या अन्यायी समाजालाच हातभार लावतील. मग १९८८ च्या दस्तऐवजात म्हटलंय, की महासभेमुळे शाळेकडे संस्था म्हणून नव्हे तर समुदाय म्हणून बघणं सुरू झालं. हे वाक्य मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. संस्थेला नियम पाळले गेले की पुरतं, समुदायाला पुरत नाही.

आता मी काय केलं ते सांगते, फसलेल्यापासून.

नव्या मुलांना 'सोबती' नेमून द्यायची योजना केली होती. शिक्षकांनी शहाणी, समंजस मुलं निवडली आणि नव्या मुलांच्या गळ्यात घातली. दोन महिन्यांत दोघांनाही ते ओझं झालं. एका नव्या मुलीने सांगितलं, "ती माझ्याशी बोलते कारण तिला सांगितलंय." मैत्री नेमून देता येत नाही. त्यापेक्षा वेगवेगळ्या इयत्तांच्या मुलांना मिळून एखादं काम दिलेलं बरं. बागेला पाणी घालणं, नाताळच्या गोठ्याची मांडणी, ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं चिकटवणं. हात कामात असले की बोलणं आपोआप होतं.

टिकलेली गोष्ट म्हणजे गणवेशाचं कपाट. वर्षाच्या शेवटी प्रत्येक घराने आखूड झालेले गणवेश, बूट, दप्तरं धुऊन-पुसून आणायची आणि प्रत्येक घराने त्यातून काहीतरी घेऊन जायचं. 'प्रत्येक' या शब्दावर मी हटून बसले. पहिल्या वर्षी काही सुखवस्तू पालक म्हणाले, आम्हाला गरज नाही, आम्ही नुसतं देतो. मी म्हटलं, नाही, घ्यावंही लागेल. मी स्वतः माझ्या भाचीसाठी बूट घेतले. तिसऱ्या वर्षापर्यंत कपाटापाशी कोण उभं आहे याकडे कुणी बघेनासं झालं. एवढंच मला हवं होतं.

सकाळच्या प्रार्थनेत मुलांनी स्वतः कुणासाठी तरी प्रार्थना मागायची, हेही सुरू केलं. पहिले काही आठवडे सगळे 'जगात शांती नांदो' म्हणायचे. मग एका दिवशी चौथीतला एक मुलगा म्हणाला, "आपले सफाईवाले काका दोन दिवस आले नाहीत, त्यांच्यासाठी." आम्ही शिक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांची शस्त्रक्रिया झाली होती आणि आम्हाला पत्ताही नव्हता. त्या दुपारी आम्ही दोघीजणी त्यांना भेटून आलो.

दप्तरदादांसाठी: फीबद्दल वर्गात एक अक्षर बोलायचं नाही, हा माझा पहिल्या दिवसाचा नियम होता. पैशाचं बोलणं मोठ्यांचं मोठ्यांशी आणि बंद दाराआड. सवलतीचा निर्णय मी आणि हिशेबनीस अशा दोघांतच व्हायचा, वर्गशिक्षकांनाही नावं कळायची नाहीत. चिठ्ठीसारख्या प्रसंगाला आळा घालायचा तर यादी कमीत कमी हातांतून जायला हवी.

तिसरा_मजला

मी कॉलेजात आहे, दोन वर्षांपूर्वीच शाळा सुटली. आम्हाला सेवेचे तास सक्तीचे होते. वृद्धाश्रमात जायचं, सही आणायची, फोटो काढायचे. खरं सांगायचं तर पहिल्या भेटीत मी घड्याळ बघत होते. दुसऱ्या भेटीत एका आजीने माझा हात धरला आणि मला दुसऱ्याच कुणाच्या नावाने हाक मारली. मी काहीच बोलले नाही, नुसती बसून राहिले. परत आल्यावर त्याबद्दल कुणाशी तरी बोलायची फार इच्छा होती, पण कुणी विचारलंच नाही. शिक्षिकेने तास मोजले आणि वही परत दिली.

सक्ती नसती तर मी गेलेच नसते, म्हणून सक्ती वाईट असं मी म्हणणार नाही. पण परत आल्यावर अर्धा तास वर्तुळात बसून 'काय झालं?' एवढं विचारलं असतं, तर ती भेट मला कितीतरी वेगळी कळली असती.

पेठेतला_वाचक

बाळ, फार नेमकं लिहिलंस. याला जोडून फादर पेद्रो आरुपे यांची आठवण येते. येशूसंघाचे, म्हणजे जेझुइटांचे, प्रमुख असताना, ३१ जुलै १९७३ रोजी, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात जेझुइट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे ते बोलले. दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं घडवणं हे आपल्या शाळांचं ध्येय असायला हवं, हा त्यांचा मुद्दा. आणि त्यांनी तिथेच विचारलं, आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवलं का? उत्तरही स्वतःच दिलं: नाही. समोर प्रतिष्ठित मंडळी बसली होती आणि अनेकांना ते रुचलं नाही. आपल्या शाळांच्या यशस्वी माणसांसमोर उभं राहून असं कबूल करायला धैर्य लागतं. वृद्धाश्रमाची भेट चांगलीच, पण त्या आजी तिथे एकट्या का आहेत हा पुढचा प्रश्नही वर्गात यायला हवा. दान आणि न्याय यांची फारकत झाली की खोक्यासारखे प्रकार होतात.

शिक्षककक्षातून

सगळं पटलं. पण एक बाजू राहिली.

मागच्या वर्षी माझे वडील गेले. चार दिवसांनी मी कामावर रुजू झाले तेव्हा टेबलावर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा आणि बदली तासांची यादी होती. कुणी वाईट वागलं नाही, पण कुणी दोन मिनिटं खुर्ची ओढून बसलंही नाही. त्याच आठवड्यात मला मूल्यशिक्षणाच्या तासाला 'दुःखितांचं सांत्वन' शिकवायचं होतं. ख्रिस्तसभेच्या परंपरेत दयेची सात आत्मिक कार्यं मोजली आहेत, त्यांतलं हे एक. मी फळ्यावर शीर्षक लिहिलं आणि पुढे बोलता येईना.

तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. तिने माझ्या हातातला खडू घेतला आणि म्हणाली, "बाई, आज आम्ही वाचतो, तुम्ही बसा." त्या वर्गाने तो तास स्वतः घेतला. त्या दिवशी माझ्या विद्यार्थ्यांनी माझं सांत्वन केलं आणि मला ते घेता आलं, याबद्दल मी अजून देवाचे आभार मानते. पण ते काम शिक्षककक्षात आधी व्हायला हवं होतं. शिक्षक एकमेकांशी कसं बोलतात, शिपायाला कशी हाक मारतात, हे मुलं सगळं टिपत असतात.

जुनं_दप्तर

किल्ल्यावाल्या बाईंनी लिहिलेला फीचा नियम मी तीनदा वाचला. असं एखाद्या शाळेत खरंच होतं, हे मला माहीत नव्हतं. माझी मुलगी पुढच्या वर्षी शाळेत जाईल. कॅथलिक शाळेचं नाव घरात निघालं की मी विषय बदलायचो. आता निदान जाऊन बघेन म्हणतो. पण तिथे गेल्यावर इमारत बघणार नाही, मधल्या सुट्टीत जाऊन फाटकाशी उभा राहीन.

मधली_सुट्टी

दादा, फाटकाशी का, आत या. कुठलीही चांगली शाळा तुम्हाला मैदानावर येऊ देईल. नाही येऊ दिलं तर तेही उत्तरच आहे.

खडूची_धूळ (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. काल समितीची बैठक झाली.

सप्ताह रद्द झाला नाही, तारखा वरून ठरलेल्या आहेत. पण तीन गोष्टी मान्य करून घेतल्या. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दारावरून हलवून ग्रंथालयात, पुस्तकांच्या कपाटांमागे लावायची आणि ती उघडण्याचं काम शाळेबाहेरच्या एका समुपदेशक बाईंकडे द्यायचं. त्यांचं नाव आणि फोटो प्रत्येक वर्गात लागेल. दुसरी, प्रायश्चित्तकाळातली खोकी बंद, त्याऐवजी गणवेशाचं कपाट. 'प्रत्येक' या शब्दावर पाऊण तास वाद झाला. एक सदस्य म्हणाले, गरज नसलेल्यांनी घेतलं तर गरजवंताला कमी पडेल. तेव्हा मी पर्समधून ती चिठ्ठी काढली आणि नाव झाकून वाचून दाखवली. त्यानंतर वाद झाला नाही. तिसरी, सेवेच्या भेटीनंतर वर्तुळात बसायचा अर्धा तास वेळापत्रकातच घातलाय.

शिक्षककक्षाबद्दल काहीच ठरलं नाही. विषय काढला, सगळे गप्प बसले, आणि मग कुणीतरी पुढचा मुद्दा घेतला. उद्या सकाळी मी तिथे जरा लवकर जाऊन बसणार आहे. आमच्यातल्या एका शिक्षकाची आई आजारी आहे.

जुडगाताई, कपाटासाठी पालकांना जे पत्र पाठवायचं त्याचा मसुदा माझ्याकडून नीट होत नाहीये. 'गरजू' हा शब्द टाळला तरी वाक्य त्याच्याकडेच वळतं. तुमचं जुनं पत्र असेल तर इथेच टाकाल का?

किल्ल्यांचा_जुडगा

शोधलं, सापडलं. तीनच ओळी होत्या:

'मुलं वाढली, कपडे आखूड झाले. शनिवारी सकाळी शाळेत या, येताना जे लहान झालंय ते धुऊन आणा आणि जाताना जे बसतंय ते घेऊन जा. शिक्षकही येणार आहेत, त्यांचीही मुलं वाढतात.'